एकच कडेम नदी आणि आदिलाबादची दोन राजकीय घराणी



जाळं टाकणाऱ्याला पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे ठाऊक असावं लागतं. मत मागायला येणाऱ्या माणसाचंही तसंच आहे. म्हणून आज आपल्या जिल्ह्यातल्या दोन घराण्यांची वंशावळ मांडतोय. दोन्हींना जोडणारी नदी एकच, आपली कडेम.

वरच्या अंगाला बोथ मतदारसंघ. कुंतालाचा धबधबा याच भागातला. इथलं घराणं गोडाम, बाजारहत्नूर मंडलातल्या जातर्ला गावचं. गोडाम हे घराचं नाव. तेलुगू रिवाजाप्रमाणे ते आधी लागतं. वडील गोडाम रामाराव १९८५ आणि १९८९ ला तेलुगू देसमकडून आमदार झाले. मग मुलगा गोडाम नगेश १९९४, १९९९ आणि २००९ ला. म्हणजे १९८५ ते २००९ या सहा निवडणुकांत बोथची जागा पाच वेळा एकाच घरात गेली. मधे २००४ ला टीआरएसच्या सोयम बापूरावांनी ती हिसकावली, एवढाच खंड.

खालच्या अंगाला खानापूर. कडेमचं धरण याच मतदारसंघात. इथलं घराणं राठोड. रमेश राठोड १९९९ ला आमदार, पुढे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आणि २००९ ला खासदार. त्याच २००९ ला त्यांच्या पत्नी सुमन राठोड खानापूरच्या आमदार. दिल्लीत नवरा, हैदराबादेत बायको!

नांदेड-यवतमाळकडचे पाहुणे विचारतात, राखीव जागेवर राठोड कसे? महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात मात्र लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. बोथ आणि खानापूर दोन्ही जागा जमातींसाठी राखीव. लोकसभेची आदिलाबादची जागाही २००९ पासून राखीव झाली, आणि तिथेच ही घराणी एकमेकांसमोर आली.

२०१४ ला नगेश टीआरएसकडून खासदार झाले. २०१९ ला तिघं समोरासमोर: टीआरएसचे नगेश, काँग्रेसचे रमेश राठोड आणि भाजपचे सोयम बापूराव. जिंकले सोयम. २०२४ ला भाजपने बसलेल्या खासदाराला, म्हणजे सोयमना, बाजूला ठेवून तिकीट दिलं कुणाला? नगेशना. आणि ते निवडून आले.

आता पक्ष मोजा. नगेश तेलुगू देसम, टीआरएस, भाजप. रमेश राठोड तेलुगू देसम, टीआरएस, काँग्रेस आणि शेवटी भाजप. २०२३ ला ते खानापुरात भाजपकडून लढले आणि हरले. जून २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. झेंडे बदलले, घरं तीच राहिली. म्हणून नुसता झेंडा बघून माणूस ओळखता येत नाही.

पण घराणं म्हणजे पट्टा लिहून दिलेली जागा नव्हे. २००४ ला बोथने मुलाला घरी बसवलं, २०१९ ला अख्ख्या लोकसभेने बसवलं. २०२३ ला बोथमध्ये बीआरएसचे अनिल जाधव निवडून आले, खानापुरात काँग्रेसचे वेडमा बोज्जू. दोन्ही जागांवर आज या घराण्यांतलं कुणी नाही.

याचा आपल्या पोटाशी संबंध काय? बघा, कडेमचं वरचं पाणी बीआरएसच्या आमदाराकडे, धरण काँग्रेसच्या आमदाराकडे, आणि दोन्हींवरचा खासदार भाजपचा. जुलै २०२२ च्या पुरात कडेम धरण फुटतं की काय अशी वेळ आली होती. पाणी वर पडलं, धोका खाली झाला. नदीला मतदारसंघाची हद्द कळत नाही. तेव्हा धरणाच्या दारांची दुरुस्ती असो की तलावातल्या बीजाची मागणी, अर्जाच्या तीन प्रती काढा आणि तिघांकडे द्या. मत्स्यव्यवसाय राज्याचा विषय, त्यामुळे आमदाराची प्रत आधी. पोच घ्यायला विसरू नका.

आणि एक घरचीच गोष्ट. सोसायटीच्या चेअरमनची खुर्चीही कित्येक ठिकाणी बापाकडून पोराकडे जाते. पोरगा कामाचा असेल तर हरकत नाही. पण हिशोबाची वही उघडून बघायचा हक्क प्रत्येक सभासदाचा आहे. तो मात्र कुठल्याच घराण्याला देऊन टाकू नका.