रोमचा पहिला दिवस, पाण्याच्या वाटेनं

रोमला पहिल्यांदा जाणारा माणूस कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्हीचं कारंजं एकाच दिवसात उरकायला बघतो. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडतात, फोन फोटोंनी भरतो आणि शहराचा मेळ काही लागत नाही. दोन हजार वर्षांच्या खुणा एकाच गल्लीत असल्या, की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हेच समजेनासं होतं. म्हणून पहिल्या दिवशी एकच धागा धरावा, आणि तो पाण्याचा धरावा. स्पॅनिश पायऱ्या ते नव्होना चौक हे अंतर जेमतेम दोन किलोमीटरचं. वाटेतली नामांकित कारंजी एकाच जुन्या पाटाच्या पाण्यावर उभी राहिली.

त्या पाटाचं नाव अक्वा व्हर्गो. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई मार्कस अग्रिप्पा यानं तो इ.स.पू. १९ मध्ये बांधला. शहराच्या पूर्वेकडच्या झऱ्यांचं पाणी सुमारे २१ किलोमीटर, तेही बहुतेक जमिनीखालून आणलं. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पाणचक्कीला नहरीचं पाणी येतं त्याच जातीचं हे काम. एवढ्या लांबीत उतार मात्र चारेक मीटरचाच. त्यामुळे हे पाणी टेकड्यांवर कधी चढलं नाही. नदीकाठच्या सखल भागापुरतंच राहिलं.

पुढे हाच सखलपणा कामी आला. ५३७ मध्ये गॉथ सैन्यानं वेढा घालून शहराचे पाट तोडले. टेकड्यांवरची वस्ती ओसरली आणि लोक नदीच्या वळणाशी दाटीवाटीनं राहू लागले. जमिनीखालचा अक्वा व्हर्गो त्यातल्या त्यात बचावला आणि डागडुजी होत टिकून राहिला. आज पँथिऑनभोवती ज्या अरुंद, वाकड्या गल्ल्यांत पर्यटक हमखास रस्ता चुकतो, त्या तशा का आहेत याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

सकाळी लवकर मेट्रोच्या 'ए' मार्गानं स्पान्या स्थानकावर उतरावं. पायऱ्यांवर बसकण मारू नये. २०१९ पासून त्यासाठी दंड होतो. पायथ्याशी पिएत्रो बेर्निनीनं १६२९ च्या सुमारास घडवलेली दगडी नाव आहे. ती अर्धी बुडाल्यासारखी दिसते. इथे पाण्याला दाब नाही, उंच फवारा उडणं शक्य नव्हतं. म्हणून शिल्पकारानं कारंजंच जमिनीच्या पातळीखाली उतरवलं.

तिथून ट्रेव्ही दहा-बारा मिनिटांवर. वाटेत त्रितोने रस्त्यावर रिनाशेन्ते नावाचं मोठं दुकान आहे. कपड्यांचे मजले सोडून तळघरात उतरलं, तर त्याच पाटाच्या कमानी समोर उभ्या असतात. दुकान मात्र उशिरा उघडतं. ट्रेव्ही गर्दीच्या आधी गाठून मग इकडे वळलेलं बरं. निकोला साल्वीनं आखलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये पुरं झालेलं ट्रेव्ही म्हणजे या पाटाचं शेवटचं टोक. वरच्या कोरीवकामात डावीकडे अग्रिप्पा आराखडा पाहतोय, उजवीकडे एक मुलगी सैनिकांना झरा दाखवते आहे. लोक नाणं टाकतात, सेल्फी काढतात आणि वर न बघताच निघून जातात. ती नाणी नियमित गोळा होतात. वर्षाला दहा लाख युरोंच्या वर जाणारी ती रक्कम कारितास या धर्मादाय संस्थेकडे जाते.

पँथिऑनच्या दर्शनी भागावर पुन्हा अग्रिप्पाचंच नाव. त्याची मूळ वास्तू जळाली. आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण १२५ सालची, तरी नाव जुनंच ठेवलं. मागच्या बाजूला अग्रिप्पाचं स्नानगृह होतं आणि अक्वा व्हर्गोचं पाणी मुळात त्याच्यासाठी आलं होतं. ४३ मीटर व्यासाच्या घुमटाला मधोमध मोकळं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो, म्हणून फरशीला किंचित उतार आणि पाणी जायला बारीक छिद्रं आहेत. सगळे माना वर करून बघतात. क्षणभर खालीही बघावं. २०२३ पासून इथे तिकीट लागतं.

शेवटी नव्होना चौक. सम्राट डोमिशियनच्या क्रीडांगणावर तो वसला, म्हणून आकार लांबट. मधल्या १६५१ च्या कारंज्यात पिएत्रोचा मुलगा जियान लोरेन्झो बेर्निनीनं चार खंडांच्या चार नद्या बसवल्या: डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि आपली गंगा. पण इथे गंगामाई शोधू नका. हातात वल्हं घेतलेला दाढीवाला धिप्पाड पुरुष म्हणजे गंगा. युरोपात नद्यांना पुरुषरूप देण्याची जुनी रीत, आणि वल्हं म्हणजे ही नदी नावा चालण्याजोगी आहे याची खूण. १६५२ पासून १८६६ पर्यंत ऑगस्टमध्ये कारंज्यांचे निचरे बुजवून या चौकाचं तळं करत, आणि त्यात बग्ग्या घालून लोक उन्हाळा साजरा करत.

पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. १८७४ पासून रस्तोरस्ती बसवलेल्या 'नाझोने' या बिडाच्या नळखांबांना पिण्याचं पाणी अखंड चालू असतं. नळीचं तोंड बोटानं दाबलं, की वरच्या छिद्रातून धार उसळते आणि ओणवं न होता पिता येतं. कॉफी उभ्यानं प्यावी. टेबलाशी बसलं की भाव वाढतो.

कोलोसियम आणि व्हॅटिकन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवावेत. वेळेची तिकिटं आधी काढलेली असली म्हणजे झालं. तोवर टेकडी आणि सखल भाग, अग्रिप्पा आणि बेर्निनी यांचा हिशेब डोक्यात बसलेला असतो, आणि गाईडला प्रश्न विचारण्याइतकी तयारी झालेली असते.