लहान शेतकऱ्याचे भांडवल : बचत गट, बँक आणि बाजार

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, जमिनीला भांडवल व अवजारांची जोड हवी, असे त्यांचे विवेचन होते. आपल्या समाजातील बहुतेक शेतकरी अल्पभूधारक, म्हणजे पाच एकरांच्या आतले. त्यामुळे हा प्रश्न आजही आपल्या दारातलाच आहे.

प्रथम व्याजाचा हिशेब पाहू. पेरणीच्या तोंडावर सावकाराकडून शेकडा ५ रुपये दरमहाने २०,००० रुपये घेतले, तर वर्षाला १२,००० रुपये नुसते व्याज होते. तेवढेच पीककर्ज बँकेकडून ७ टक्क्यांनी घेतल्यास व्याज १,४०० रुपये. वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीमुळे ४ टक्क्यांप्रमाणे ८०० रुपये. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत नियमित फेड करणाऱ्याचा हाही भार उतरतो. मात्र मुदत चुकली की सवलत गेली. कर्जमाफीची वाट पाहत खाते थकवणाऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा सावकाराचाच उंबरठा चढावा लागतो.

मग लोक बँकेत का येत नाहीत? पुष्कळदा अडते ते कागदावर. आजोबांच्या नावावरचा सातबारा तसाच राहतो, वारसांचा फेरफार होत नाही आणि जमीन कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते. वारसनोंद करून घेणे ही कर्जाची पहिली पायरी आहे. तारण नाही म्हणून मागे फिरण्याचे कारण नाही. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. वाट्याने जमीन कसणाऱ्यांना चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट करता येतो.

ज्या भगिनींच्या नावावर जमीनच नाही, त्यांच्यासाठी बचत गट आहे. 'नाबार्ड'ने १९९२ साली गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री आहे. पंधरा जणींनी दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षात १८,००० रुपये जमतात. त्यातून शेळी, बियाणे किंवा दवाखाना भागतो आणि व्याज गटातच राहते. सहा महिने व्यवहार नीट चालला की बँक गटाला कर्ज देऊ शकते. परंतु शेळीसाठी काढलेले कर्ज लग्नात गेले, तर हप्ता मजुरीतून भरावा लागतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. गटाच्या वहीला याहून चांगला नियम नाही.

कर्ज मिळाले तरी माल पडत्या भावात गेला तर फेड कशातून होणार? सुगीत सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. यावर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना उपयोगी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. घरची नड भागते व भाव बरा आल्यावर माल विकता येतो.

त्यापुढची पायरी शेतकरी उत्पादक कंपनीची. किमान दहा उत्पादक मिळून ती नोंदवता येते आणि भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते. खत-बियाणे एकत्र घेणे, माल निवडून, प्रतवारी करून विकणे ही कामे एकट्या दोन एकरवाल्याला जमत नाहीत, कंपनीला जमतात. पण क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून सभासदांनीच माल व्यापाऱ्याला घातला, तर कंपनी टिकत नाही.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरचा सातबारा वाचा, आईच्या गटाची वही तपासा, कर्जाच्या फेडीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा बाबासाहेबांचा संदेश घरच्या हिशेबालाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!