डबा सुटला, लोहाचं काय?

पेण आणि रोहा हे काही दुधाचे तालुके नव्हेत. पेणची ओळख गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड यांची. रोह्याची ओळख कुंडलिका, धाटावची औद्योगिक वसाहत आणि कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन. शेती भाताची, खारेपाटात हिरव्या चाऱ्याची चणचण आणि 2018 मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेलेली इथली गाय दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देणारी. त्यामुळे बहुतेक घरांत दूध येतं ते पिशवीतून, घाटावरून किंवा त्याही पलीकडून. वर्षभर डब्याच्या दुधावर वाढलेलं मूल पहिला वाढदिवस ओलांडतं आणि घरातली सगळी मंडळी या पिशवीकडे संशयाने पाहू लागतात. गाईचं पचेल का? म्हशीचं जड पडेल का? पाणी किती घालायचं? देशी गाय कुठे मिळेल? हे सगळे प्रश्न ‘कोणतं दूध’ या एकाच प्रश्नाची पिल्लं आहेत. वर्षानंतरच्या मुलासाठी खरा प्रश्न वेगळा आहे: दूध किती, आणि त्याच्या जोडीला काय?

मुळात डब्यातलं दूधही बहुधा गाईचंच असतं. भारतात तर ते म्हशीचंही होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनवण्याची पद्धत बसवली आणि आणंदच्या अमूलने ती बाजारात आणली. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे प्रथिनं साधारण एक ग्रॅम असतात, गाईच्या दुधात तीन ग्रॅमांहून जास्त, कारण वासराला काही महिन्यांतच मोठं व्हायचं असतं. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना हा प्रथिनांचा आणि क्षारांचा भार पेलत नाही. शिवाय पहिल्या वर्षात साध्या गाईच्या दुधाने काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. डब्याचं दूध म्हणजे या दोषांची दुरुस्ती केलेलं दूध: प्रथिनं कमी केलेली, वनस्पती तेलं मिसळलेली आणि लोह वरून घातलेलं. वर्षानंतर मूत्रपिंडं पुरेशी तयार झालेली असतात, रक्तस्रावाची प्रवृत्ती सरते आणि मूल घरचं जेवू लागलेलं असतं. म्हणजे दुरुस्तीची गरज संपते. जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: आईचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवावं, ते मिळत नसेल तर 12 ते 23 महिन्यांच्या मुलाला प्राण्याचं साधं दूध द्यावं, ‘मोठ्या मुलांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खास डब्यांची शिफारस नाही. सहा ते अकरा महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळाला प्राण्याचं दूधही चालेल, अशी मुभा याच तत्त्वांत आहे. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मात्र वर्ष पुरं होईपर्यंत थांबायला सांगतात, आणि रक्तक्षयाचं इथलं प्रमाण पाहता ते रास्तच आहे.

इथवर सगळं गाईच्या बाजूचं झालं. अडचण पुढे आहे आणि ती हिशेबाची आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1000 किलोकॅलरी, 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 8 मिलिग्रॅम लोह लागतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2020 चं कोष्टक सांगतं. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात कॅल्शियम साधारण 120 मिलिग्रॅम असतं. म्हणजे घरातल्या दोनशे मिलीच्या पेल्याने दोन पेले दूध घेतलं की दिवसभराच्या कॅल्शियमची गरज जवळपास भागते. आता लोह पाहा. पूर्ण लिटरभर दुधातही ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलं शरीरात मुरतं ते फारच थोडं. डबा चालू असताना लोह आपोआप पोटात जात होतं. डबा सुटतो त्या दिवशी दुधाचा रंग तोच राहतो, पण लोहाचा नळ बंद होतो. वाटीतल्या अन्नाने तो पुन्हा उघडला नाही, तर मूल गुटगुटीत दिसत राहतं आणि त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र उतरत जातं.

लिटरभर दूध पिणारं दीड वर्षाचं मूल ही काही अतिशयोक्ती नव्हे. सकाळी उठल्यावर बाटली, दुपारी झोपवताना बाटली, संध्याकाळी एक, रात्री एक; अडीचशे मिलीच्या चार बाटल्या झाल्या की लिटर पुरा होतो. त्यातून साडेसहाशे किलोकॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाच्या भुकेचा दोन तृतीयांश भाग संपला. मग वरणभाताला तोंड फिरवलं जातं, ‘हा काही खातच नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि उपाय म्हणून पाचवी बाटली भरली जाते. पण मूल जेवत नाही म्हणून दूध द्यावं लागतं, की दूध पोटभर झालं म्हणून ते जेवत नाही? बहुतेक वेळा दुसरं. त्यात जे थोडं खाल्लं जातं तेही दूधभात किंवा दूधपोळी. दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन अन्नातलं लोह मुरू देत नाहीत, त्यामुळे त्या घासातलं तुटपुंजं लोहही वाया जातं. रात्री तोंडात राहिलेली बाटली दात किडवते ती वेगळीच. म्हणून वर्षानंतर दूध पेल्यातून, दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर, आणि जेवणापासून तासाभराच्या अंतराने दिलेलं बरं.

हा धोका किती मोठा आहे? 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली; आधीच्या पाहणीत हा आकडा 53.8 होता. याचा सगळा दोष दुधावर टाकता येणार नाही. आईचाच रक्तक्षय, जंत, उशिरा सुरू केलेलं वरचं अन्न, वाटीत फक्त भात, अशी अनेक कारणं आहेत. पण जिथे दूध परवडतं आणि लाडाने पाजलं जातं, तिथे टाळता येण्यासारखं एक मोठं कारण हेच आहे. हा निव्वळ फिकटपणाचा प्रश्नही नाही. लोहाची कमतरता ऐन मेंदूवाढीच्या काळात राहिली तर तिचा माग शालेय वयातही दिसतो, हे कोस्टारिकातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासाने दाखवलं आहे.

दुधापेक्षा दुधाभोवतीच्या गोष्टी जास्त निर्णायक ठरतात, याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. एके काळी एक ते तीन वर्षांची मुलं यकृत निकामी होऊन दगावत. रोगाचं नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ पडलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या आहाराचा माग काढला आणि 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये संशय मांडला तो भांड्यावर. लहान वयातच गाई-म्हशीचं दूध सुरू झालेलं आणि ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवून ठेवलेलं. दुधातलं प्रथिन धातूतलं तांबं ओढून घेई आणि ते यकृतात साठत जाई. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही 1900 ते 1974 या काळात अशाच आजाराच्या 138 मुलांची नोंद सापडली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातलंच होतं. आपल्याकडे स्टेनलेस स्टीलचं पातेलं घरोघर आलं आणि रोग जवळपास नाहीसा झाला. गाय तीच राहिली, भांडं बदललं. तांब्या-पितळेची भांडी आता पुन्हा हौसेने घेतली जातात, तेव्हा एवढं ध्यानात असावं की बाळाचं दूध त्यांत तापवायचं नाही.

आता नेहमीच्या शंका. दूध जड पडतं म्हणून निम्मं पाणी घालावं, ही सर्वांत जुनी. पाण्याने पोट तेवढंच भरतं, पण ऊर्जा निम्मी होते. वर्षानंतरच्या मुलाच्या दुधात पाण्याचं काम नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, त्याने पोट लवकर भरतं, एवढाच त्याचा जडपणा. मात्रा कमी ठेवली की झालं. पिशवीवरचा ‘टोण्ड’ हा शब्द बिचकवतो, पण त्यात तीन टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपासच. दोन वर्षांपर्यंत टाळायचं ते डबल टोण्ड आणि साय काढलेलं. ‘ए-टू’ दुधाचा डांगोरा आहे तो बीटा-केसिनच्या 209 अमिनो आम्लांच्या साखळीतल्या 67 व्या जागेवरच्या एका बदलाचा. म्हशीचं दूधही ए-टूच असतं, आणि मुलांच्या वाढीत या फरकाने काही साधतं असा ठोस पुरावा नाही. दारात गवळ्याचं ताजं दूध येत असेल तर उत्तम, पण ते कच्चं पाजू नये. क्षय आणि ब्रुसेलोसिसचे जंतू उकळल्याने मरतात. दुधाच्या प्रथिनाची खरी ॲलर्जी थोड्या मुलांना असते. अंगावर गांधी उठल्या, सतत उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टर गाठावा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर मुलाला दूधच मिळत नाही, तिथे ‘दूध कमी करा’ हा सल्ला क्रूर नाही का? आहे, म्हणूनच तो तिथल्यासाठी नाही. तिथे पेलाभर दूध हे उत्तम प्रथिन आणि ब-12 जीवनसत्त्व यांचा आधार ठरेल. चारशे-पाचशेचा आकडा दोन्हीकडे लागू आहे. एका घराला त्याच्याखाली यायचं आहे, दुसऱ्याला त्याच्यापर्यंत पोचायचं आहे. आणि लोहाची उणीव दोघांचीही आहे.

ती भरून काढण्याचं सामान याच दोन तालुक्यांच्या बाजारात आहे. मोड आलेल्या वालाचं मऊ शिजवलेलं बिरडं, नाचणीचं सत्त्व, लिंबू पिळलेले मऊ पोहे, अंडं, काटे काढलेली मासळी. मासळीतलं लोह सहज मुरतं आणि त्याच घासातल्या भाजीचं लोहही मुरायला मदत करतं; लिंबाचं, आवळ्याचं क जीवनसत्त्वही तेच काम करतं. मोड आणल्याने लोह अडवणारी फायटेट्स कमी होतात. चहा-बिस्किटं याच्या नेमक्या उलट्या दिशेला जातात. शिवाय ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा लोह आणि फॉलिक ॲसिडचं एक मिलिलिटर सिरप द्यायचं असतं. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. ही बाटली आशाताईंकडे मागावी, मागायला संकोच करू नये. दूध गाईचं की म्हशीचं, हा वाद घरात खुशाल चालू द्या. तो मिटेपर्यंत पेले दोनच ठेवा आणि वाटी भरलेली ठेवा.