शेजाऱ्याकडून आलेला वारसा

फ्रेडरिक ग्रिफिथ यांचा १९२८चा प्रयोग बारावीच्या जीवशास्त्रात असतो. न्युमोनियाच्या जंतूचे, म्हणजे न्यूमोकॉकसचे, निरुपद्रवी जिवंत आणि उष्णतेने मारलेले घातक जिवाणू उंदरांना एकत्र टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक जिवाणू जिवंत सापडले. धडा तिथून थेट डीएनएकडे वळतो. ग्रिफिथ यांच्यापुढचा प्रश्न मात्र वेगळाच होता. लंडनमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत ते न्युमोनियाच्या रुग्णांचे बेडके तपासत. एकाच रुग्णाच्या बेडक्यात न्यूमोकॉकसचे अनेक प्रकार निघत. हे सगळे बाहेरून आले, की छातीतल्या छातीत एकाचा दुसरा झाला? उंदरांना टोचले ते या शंकेपायी.

हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे मागे पडला, याची मला खंत वाटते.

मागे पडायला कारणही तसेच थोर होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाऊड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी मेलेल्या जिवाणूतून जिवंतात जाणारा पदार्थ वेगळा काढला. तो डीएनए निघाला. शोधनिबंध १९४४चा. ग्रिफिथ तो वाचायला नव्हते. १९४१मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात ते गेले. एव्हरींना नोबेल मिळाले नाही, हा अन्यायच. आनुवंशिकतेचा पदार्थ हाती लागल्यावर सगळे त्याच्यामागे गेले आणि न्यूमोकॉकस हे नुसते साधन ठरले. हा जंतू मुळात असे का करतो, हे फार थोड्यांनी विचारले. अलेक्झांडर टोमाझ त्यांपैकी एक. जिवाणू स्वतःच एक रासायनिक संकेत सोडतात आणि तो पुरेसा साठला की सगळे एकदम बाहेरचा डीएनए घ्यायला सज्ज होतात, हे त्यांनी १९६५मध्ये दाखवले. तो संकेत म्हणजे अवघ्या १७ अमिनो आम्लांची साखळी, हे कळायला १९९५ उजाडले. सज्ज झालेले जिवाणू सज्ज न झालेल्या शेजाऱ्यांना फोडतात आणि त्यांचा डीएनए आत ओढतात. माझ्या मते ग्रिफिथ यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे.

तोवर दवाखान्यांतही तो प्रश्न परतला होता. पेनिसिलिनपुढे न्यूमोकॉकसचा निभाव लागत नसे. १९६७मध्ये ऑस्ट्रेलियात त्याला दाद न देणारा वाण नोंदला गेला; दहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांत तर अनेक औषधांना न जुमानणारे वाण आले. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटते, त्यांची जनुके १९८०च्या दशकाअखेरीस वाचली, तेव्हा ती गोधडीसारखी निघाली: काही तुकडे न्यूमोकॉकसचे, काही परके. परके तुकडे आले होते घशात मुकाट राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या भाऊबंदांकडून. ज्याला आपण निरुपद्रवी म्हणून सोडून दिले, त्याच्याजवळ प्रतिकाराचा साठा होता. २००६मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: काही प्रतिजैविकांचा मारा झाला, की न्यूमोकॉकस डीएनए घ्यायला सज्ज होतो.

या देवाणघेवाणीचे मोजमाप २०११मध्ये मिळाले. स्पेनमध्ये १९८४ साली पहिल्यांदा ओळखल्या गेलेल्या एकाच घराण्याचे जगभरातले २४० नमुने संशोधकांनी अक्षर न् अक्षर वाचले. सातशेहून अधिक ठिकाणी परका डीएनए शिरलेला होता आणि डीएनएतले सुमारे ८८ टक्के अक्षरबदल त्यातूनच आलेले होते. आईकडून लेकीकडे येणाऱ्या वारशापेक्षा शेजाऱ्याकडून आलेला वारसा कितीतरी मोठा. त्यात जिवाणूचा प्रकार ठरवणाऱ्या बाहेरच्या आवरणाची जनुकेही बदललेली सापडली, आणि लशी तर आवरणावरच बेतलेल्या असतात. अमेरिकेत २०००मध्ये सात प्रकारांवरची लस आली; काही वर्षांतच लशीतल्या ४ क्रमांकाच्या प्रकाराच्या एका घराण्याने १९-अ या लशीबाहेरच्या प्रकाराचे आवरण चढवलेले दिसले. ग्रिफिथ यांच्या उंदरात घडले, तेच माणसांत घडले होते.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली लस दहा प्रकारांवर चालते. १९-अ त्यात आहे. न्यूमोकॉकसचे आजवर ओळखलेले प्रकार शंभरावर आहेत.