सिगारचा धूर आत घ्यायचा नसतो म्हणे! मग अपाय होत नाही का?



आठवीला आम्ल-आम्लारी शिकवत होते. लिटमस लाल झाला, निळा झाला, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "बाई, सिगारचा धूर आत घ्यायचाच नसतो ना? नुसता तोंडात घोळवून सोडून द्यायचा. म्हणून सिगारने काही होत नाही. मामा सांगत होता."

मामा जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना सिगारची लाकडी पेटी घेऊन आला होता. पोरांना त्या पेटीचं कोण कौतुक! वर्गात खसखस पिकली. "हा धड्याबाहेरचा प्रश्न आहे, खाली बस" असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावरच लिहिलेलं होतं, कारण आम्ही त्या वेळी सामूच शिकत होतो. म्हणून हा लेख. मुलांनी असं काही विचारलं तर "तंबाखू वाईट असते" या एका वाक्यावर आपण त्यांची बोळवण करू नये, एवढ्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करू. मामाचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. सिगार ओढणाऱ्यांचा रिवाज तसाच आहे. झुरका घ्यायचा, धूर तोंडात फिरवायचा, चव घ्यायची आणि सोडून द्यायचा. जाणकार मंडळी नवख्याला आधी हेच बजावतात. सिगारचा धूर इतका तिखट असतो की सवय नसलेल्या माणसाने तो छातीत ओढला तर खोकून खोकून डोळ्यांत पाणी येतं. मग प्रश्न असा, की धूर छातीत गेलाच नाही तर सिगार ओढणाऱ्याला तलफ कशी लागते? निकोटीन रक्तात पोहोचलंच नसतं, तर तासभर ते लाकूड चघळत कोण बसलं असतं?

यासाठी सिगार आणि सिगरेट यांच्या तंबाखूत काय फरक असतो ते पाहावं लागतं. नुसतं आकारावर जाऊ नका. सिगरेटमध्ये कापलेली तंबाखू कागदात गुंडाळलेली असते. सिगारमध्ये कागद नसतोच. आत पानं, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर गुळगुळीत वेष्टणाचं पान, सगळी तंबाखूच. क्यूबातल्या पिनार देल रिओ भागातली पानं यासाठी जगभर नावाजलेली आहेत. एका मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगरेटींइतकी तंबाखू असू शकते, आणि ती ओढायला तास-दीड तास सहज लागतो.

पण खरी मेख आहे ती पानं वाळवण्यात. सिगरेटची बरीचशी तंबाखू गरम हवेच्या कोठीत झटपट वाळवतात. त्यामुळे पानातली साखर टिकून राहते. अशी तंबाखू जळली की धूर आम्लधर्मी येतो. सिगारची पानं मात्र मोकळ्या हवेत टांगून सावकाश वाळवतात, मग त्यांच्या थप्प्या रचून कित्येक आठवडे, महिने आंबवतात. थप्पी आतून तापते, अमोनियाचा उग्र वास सुटतो, साखर जवळपास उरत नाही. या पानांचा धूर आम्लारिधर्मी निघतो.

आता इथे खडू हातात घ्या. निकोटीनची दोन रूपं असतात. आम्लधर्मी परिस्थितीत त्याच्या रेणूवर विद्युतप्रभार असतो, आणि असा प्रभारित रेणू तोंडाच्या अस्तरातून सहजी पलीकडे जात नाही. आम्लारिधर्मी परिस्थितीत तो प्रभार निघून जातो, निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या, जिभेखालच्या मऊ त्वचेतून थेट रक्तात शिरतं. सामू ६ च्या आसपास असेल तर शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो. सामू ८ ला गेला की निम्मे मोकळे! सामूमध्ये फक्त दोनाचा फरक, पण ही पट्टी दहाच्या पटीत चालते हे मुलांना इतकं चांगलं दुसऱ्या कुठल्याही उदाहरणातून पटत नाही, हा माझा अनुभव.

म्हणजे सिगरेट ओढणाऱ्याला धूर छातीत घ्यावाच लागतो. तोंडातून त्याला फारसं काही मिळत नाही. फुप्फुसांतल्या वायुकोशांचं क्षेत्रफळ एखाद्या मोठ्या वर्गखोलीच्या जमिनीएवढं भरतं, तिथे आम्लधर्मी धुरातलं निकोटीनही काही सेकंदांत रक्तात जातं. सिगारवाल्याला ही उठाठेव करावी लागत नाही. त्याचं दार तोंडातच उघडं आहे. पेटलेली नसलेली सिगार नुसती ओठांत धरून ठेवली, तरी लाळेतून थोडं निकोटीन जातंच.

निकोटीनने सवय लागते. कर्करोगाला कारण होतात ती धुरातली आणि पानातली दुसरी द्रव्यं, त्यांतली काही तर त्या आंबवण्यातच तयार होतात. धूर तोंडात घोळवायचा म्हणजे ही द्रव्यं जिभेवर, गालावर, टाळूवर, घशाशी तास-तासभर फिरवत बसायचं. लाळ गिळली की तीच अन्ननलिकेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये केवळ सिगारवर एक जाडजूड अहवाल काढला. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या चारही ठिकाणचे कर्करोग सिगारने होतात, असं त्यात नोंदलं आहे. त्यानंतर २००० साली तिथल्या सात मोठ्या सिगार कंपन्यांनी वेष्टनांवर इशारे छापायचं मान्य केलं. त्यातला एक इशारा आपल्या मामासाठीच लिहिल्यासारखा आहे: धूर आत घेतला नाही तरी सिगारने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो.

इथे एक सांभाळायचं. मुलांना घाबरवण्याच्या भरात आपण भलतंच बोलून जातो आणि मोठ्या मुलांना ते लगेच कळतं. धूर न गिळणाऱ्या सिगारवाल्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगरेटवाल्यापेक्षा कमी असतो, हे खरं आहे आणि तसंच सांगावं. मात्र अजिबात न ओढणाऱ्यापेक्षा तो जास्तच असतो. तोंड आणि अन्ननलिका यांच्या बाबतीत तर सिगरेटवाला आणि सिगारवाला जवळपास एकाच पंगतीला. आणि धूर आत घेतला तर? मग सगळंच वाढतं, फुप्फुसाचा रोग, हृदयाचा रोग, दम्यासारखा कायमचा श्वास. आधी सिगरेट ओढणारा माणूस "आता फक्त सिगार" म्हणून बदल करतो, तेव्हा त्याची छाती जुनी सवय विसरत नाही. तो नकळत आत ओढत राहतो. शिवाय दोन झुरक्यांच्या मध्ये सिगार जळतच असते. तो धूर खोलीत भरतो आणि तो आत घ्यायचा की नाही हे बाजूला अभ्यास करत बसलेल्या मुलाला कोणी विचारत नाही.

"चर्चिल तर नव्वद वर्षं जगला!" हे कोणीतरी म्हणणारच. माझ्या वर्गात नाही, शिक्षक खोलीत म्हणालं. जगला, खरं आहे. पण त्याच्यासमोर दुसरी नावं ठेवायला हवीत. अमेरिकेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट. १८६२ मध्ये त्यांनी फोर्ट डोनल्सनची लढाई जिंकली, वर्तमानपत्रांत त्यांच्या सिगारचं वर्णन आलं आणि लोकांनी कौतुकाने सिगारच्या पेट्याच पेट्या पाठवल्या. १८८४ मध्ये त्यांचा घसा दुखू लागला. तो कर्करोग निघाला. त्या अवस्थेत त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, कारण पैसे बुडाले होते आणि घरच्यांसाठी काही मागे ठेवायचं होतं. शेवटी आवाज गेला, चिठ्ठ्या लिहून बोलत. पुस्तक पुरं झालं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी ते गेले. दुसरे सिग्मंड फ्रॉइड, माणसाच्या मनाची एवढी उकल करणारे. रोज वीसेक सिगार. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचं उघड झालं. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त शस्त्रक्रिया, टाळूचा आणि वरच्या जबड्याचा भाग काढलेला, त्या जागी एक कृत्रिम तुकडा बसवलेला, बोलताना-खाताना छळणारा. एवढं होऊनही सिगार सुटली नाही. मन ओळखणाऱ्यालाही ती सुटली नाही, यावर आठवी-नववीची मुलं खूप वेळ गप्प झाली होती.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सिगार ओढतंय कोण! बरोबर आहे. जुन्या कथा-कादंबऱ्यांत साहेब चिरूट ओढतो तेवढाच आपला संबंध. (चिरूट हा शब्द मूळचा तमिळ 'सुरुट्टू', म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते.) पण मला हा लेख लिहावासा वाटला तो सिगारसाठी नाहीच.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तंबाखू खायचे. चंची उघडायची, चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, फटका मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठात बार भरायचा. आई काही बोलली की म्हणायचे, "मी कुठे गिळतो? थुंकतो मी." वर्गात त्या मुलाने "धूर आत घेत नाहीत" म्हटलं तेव्हा मला दादांचंच वाक्य ऐकू आलं. शब्द वेगळे, हिशेब तोच. आत गेलं नाही म्हणजे झालं!

आणि तो चुना कशाला, याचा विचार मी विज्ञानाची पदवी घेऊनही कधी केला नव्हता. चुना आम्लारी. सिगारचं पान जे महिनोन्महिने आंबून मिळवतं, ते चिमूटभर चुना तळहातावर अर्ध्या मिनिटात करतो. सामू वाढतो, निकोटीन मोकळं होतं, ओठाच्या आतून भराभर रक्तात जातं. पिढ्यान् पिढ्या लोक हा प्रयोग रोज करत आले आहेत, फक्त त्यामागचं रसायनशास्त्र कोणी सांगितलं नाही.

दादांच्या खालच्या ओठात, बरोबर बार राहायचा त्या जागी, पांढरा चट्टा पडला होता. दाढ दुखते म्हणून गेले तेव्हा दाताच्या डॉक्टरांना तो दिसला. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्या घरी कोणी मोठ्याने बोललं नाही. कर्करोग नव्हता. दादांनी तंबाखू सोडली, वर्षाने परत धरली, मग पुन्हा सोडली, ती मात्र कायमची.

देशपातळीवर २०१६-१७ मध्ये प्रौढांचं जे तंबाखू सर्वेक्षण झालं, त्यात २८.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले. धूर काढणारे १०.७ टक्के, आणि धूर न काढता खाणारे-लावणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. महाराष्ट्रात तर ओढणारे थोडे आणि खाणारेच फार. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी शाळेच्या कुंपणाशी पुड्या सापडतात हे आपण सगळे जाणतो. त्यात मशेरी आली. कितीतरी घरांत आई-आजी सकाळी मशेरी लावतात, आणि ती व्यसनात धरलीच जात नाही, "दात घासते" म्हणतात. मुलांकडून घरची माहिती उकरून काढू नका, एवढी मात्र विनंती. वर्गात कोणाच्या आईचं नाव निघालं तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

त्याऐवजी मी पुढच्या तासाला एक प्रयोग घेतला. तंबाखू वर्गात आणायची गरजच नाही. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा, वाळू द्या, पट्ट्या कापा. चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकला की पट्टी लालभडक होते. मग विचारा, "तंबाखूत चुना का घालत असतील?" उत्तरं भराभर येतात, "चव येते", "झणझणीत लागते", "किक बसते." सगळी फळ्यावर लिहून घ्या, आणि शेजारी सामूची पट्टी काढून ६ आणि ८ वर खुणा करा. बाकीचं मुलं स्वतःच जुळवतात. सिगारवाल्या मामाच्या भाच्यानेच आमच्याकडे ते जुळवलं. "म्हणजे बाई, मामा धूर सोडून देतो, पण निकोटीन सोडत नाही!"

कोणा पालकांना सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तोंडात दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर दुखत नसला तरी दाताच्या डॉक्टरांना दाखवावा. दादांचाही दुखत नव्हता.

प्रयोगाबद्दल एवढंच राहिलं: निवळी आदल्या रात्री करून ठेवा, वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या, मुलांच्या हातात देऊ नका, थेंब आपण टाका. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. आणि लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळून बघायला विसरू नका. ती परत पिवळी होते, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे येतात.