चाकांवरचं घर (लेखांक ६) : रिकामी नळी गोठत नाही

मागच्या आठवड्यात आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या या घराची, फर्नेस कशी चालते ते पाहिलं. आत ऊब आली की घर राहण्याजोगं झालं असं वाटतं, पण उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात बहुतेकांची पंचाईत होते ती घराबाहेर, गाडीखालच्या जमिनीवर. कॅम्पग्राउंडच्या प्रत्येक जागेवर साधारणपणे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैलापाण्यासाठी जमिनीत बसवलेलं तोंड असतं. या सोयीला तिकडे हुकअप म्हणतात. नळापासून गाडीपर्यंत एक बारीक नळी येते आणि गाडीच्या पोटातून मैलापाण्याच्या तोंडापर्यंत तीन इंची, घड्याघड्यांची दुसरी नळी जाते. उन्हाळ्यात या दोन्ही नळ्या मुक्काम संपेपर्यंत जोडलेल्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. हिवाळ्यात मात्र पहिल्या कडाक्याच्या रात्री त्या गोठतात. मग सुरू होतो गुंडाळण्याचा आणि तापवण्याचा खटाटोप : नळीला फोम लावा, विजेची हीट टेप लावा, गरम होणारी नळी विकत आणा, रात्रभर नळ ठिबकता ठेवा. यातला एकही उपाय खोटा नाही. पण नळीत पाणी असायलाच हवं, हे त्या सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. ते धरून चालण्याचं कारण नाही, आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामात तर मुळीच नाही, असं माझं मत आहे. पाणी टाकीत भरून घ्यावं, नळी सोडून रिकामी करावी आणि आत ठेवून द्यावी. मैलापाणीही टाकीत साठू द्यावं आणि एकदम सोडावं.

याचं कारण आकडेमोडीत दिसतं. अर्धा इंच आतला व्यास आणि पंचवीस फूट लांबी असलेल्या नळीत जेमतेम एक लिटर पाणी मावतं. पण या एका लिटरभोवती जवळजवळ अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग हवेला उघडा असतो. एक किलो पाण्याचा शून्य अंशावर बर्फ होताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे युनिटच्या हिशेबात एक दशांश युनिटहूनही कमी. उणे दहा अंशाच्या हवेत, थोडा वारा असताना, तेवढी उष्णता ही नळी दोनेक तासांत गमावून बसते. नळी तुंबायला तर सगळं पाणी गोठण्याचीही गरज नसते. कुठेतरी एक बूच धरलं की पुरे. आता गाडीच्या आतल्या टाकीकडे पाहा. दीडशे लिटरची टाकी पूर्ण गोठायची तर तिला चौदा युनिटांएवढी उष्णता गमवावी लागेल. तिचा आकार चपटा धरला, तरी दर लिटरमागे थंडीला सामोरा जाणारा पृष्ठभाग नळीच्या मानानं तीसेक पट कमी भरतो. बशीत ओतलेला चहा आणि किटलीतला चहा यांत जो फरक, तोच इथे आहे. शिवाय टाकी गाडीच्या पोटात असते आणि नळी वाऱ्यात, बर्फाळ जमिनीवर पडलेली असते. म्हणजे एक लिटर पाण्याला सगळ्यात वाईट जागी ठेवायचं आणि मग ते वाचवण्यासाठी रात्रभर झटायचं.

फोमच्या वेष्टणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. वेष्टण उष्णता निर्माण करत नाही, आहे ती उष्णता हळू जाऊ देतं. सेंटीमीटरभर जाडीचा फोम चांगला बसवला तर गोठण्याचा वेळ तिप्पट-चौपट होतो. दोन तासांचे सहा किंवा आठ झाले, पण अमेरिकेच्या उत्तर भागात डिसेंबरची रात्र चौदा तासांहून मोठी असते. घराच्या भिंतीतल्या पाइपला वेष्टण उपयोगी पडतं, कारण भिंतीच्या एका बाजूला तापवलेली खोली असते आणि तिकडून पाइपला थोडी थोडी ऊब मिळत राहते. इलिनॉय विद्यापीठात झालेल्या अभ्यासात, न तापवलेल्या माळ्यावरच्या उघड्या पाइपांना धोका सुरू होतो तो सुमारे उणे सात अंशांना, असं दिसून आलं. हा आकडा पुष्कळदा आरव्हीच्या नळीलाही लावला जातो, ते बरोबर नाही. माळ्यावर वारा नसतो आणि खालून घराची ऊब येत असते. उघड्यावरच्या नळीला उणे तीन-चार अंशांची एक लांब रात्रही पुरते. वाऱ्यानं नळीचं तापमान हवेच्या खाली जात नाही हे खरं, पण हवेच्या तापमानापर्यंत ती कितीतरी लवकर पोचते.

इथे साहजिकच कुणी म्हणेल, की मग गरम होणारी नळी घ्या आणि विषय मिटवा. हा आक्षेप वजनदार आहे. अशा नळीच्या अंगात विजेची तार असते, थर्मोस्टॅट हवा गार होताच ती सुरू करतो, आणि वेष्टण असलेल्या नळीला उणे दहा अंशांत सतत लागणारी उष्णता वीसेक वॅटच्या आसपास असल्यानं हे काम तिला सहज जमतं. नळी नक्की वाचते. अडचण नळीच्या दोन्ही टोकांना येते. कॅम्पग्राउंडचा न गोठणारा नळ ज्या युक्तीवर चालतो, ती युक्तीच आपण मोडत असतो. या नळाची झडप जमिनीत, गोठणरेषेच्या खाली असते. मिनेसोटात इमारतीच्या पायासाठी ही खोली दक्षिणेत साडेतीन फूट आणि उत्तरेत पाच फूट धरतात. दांडा खाली केला की झडप बंद होते आणि उभ्या पाइपातलं पाणी खालच्या छोट्या भोकातून खडीत झिरपून जातं. वर पाणीच उरत नाही, म्हणून तो गोठत नाही. गरम नळी जोडून हा नळ रात्रंदिवस चालू ठेवला की उभा पाइप पाण्यानं भरलेला राहतो आणि जमिनीवर आलेला दोन-अडीच फुटांचा भाग उघडा पडतो. मग त्यालाही हीट टेप, दाबनियंत्रकालाही टेप, गाडीच्या तोंडाशी पितळी जोडालाही टेप. बाहेर टांगलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर असेल तर तडा बहुधा सगळ्यात आधी त्यालाच जातो. हीट टेप साधी असेल आणि स्वतःवरच आडवी गुंडाळली गेली, तर तिथे ती जास्त तापते आणि आग लागण्याचा धोका असतो. न गोठणारा नळ बनवणाऱ्यानंही शेवटी पाणी काढून घेण्याचाच मार्ग निवडला, हे मला फार बोलकं वाटतं.

दुसरी गोष्ट विजेची. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासवर जी थंडी कोसळली, तिनं हा धडा फार कठोरपणे दिला. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्ट वर्थ इथे पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला, आणि आदल्या पहाटेपासून राज्याच्या वीजजाळ्यावर भार कमी करण्यासाठी वीज तोडायला सुरुवात झाली होती. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरं आणि व्यवसाय अंधारात गेले. उत्तरेकडचे निवृत्त लोक हिवाळा काढायला आरव्ही घेऊन उतरतात ते याही राज्यात. त्यांना तिकडे विंटर टेक्सन म्हणतात. वीज गेली की गरम नळी ही साधी नळी होते, आणि वीज जाण्याची शक्यता थंडी टोकाला गेलेली असतानाच सगळ्यात जास्त असते. त्याच दिवसांत पाण्याचे पाइप फुटले, लोकांनी नळ ठिबकते ठेवले, आणि कित्येक शहरांत पाण्याचा दाबच उतरला. ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो इथे पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. अशा वेळी ज्याच्या टाकीत दीडशे लिटर पाणी आधीच भरलेलं आहे त्याला नळाची गरजच नसते. गाडीतला पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि फर्नेसला लागणारा प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो.

नळ ठिबकता ठेवण्याचा सल्ला पक्क्या घरांसाठी ठीक आहे. तिथे येणारं पाणी जमिनीखालून, शून्याच्या बरंच वरच्या तापमानाचं येतं आणि वाहून मोठ्या गटारात जातं. आरव्हीत ते जाणार कुठे? मिनिटाला अर्धा लिटर एवढी बारीक धार धरली, तरी रात्रीच्या चौदा तासांत चारशे लिटरांवर पाणी होतं. सांडपाण्याची टाकी मध्यरात्रीच्या आत भरून न्हाणीच्या तळाशी पाणी वर येईल. ते टाळायला खालची झडप उघडी ठेवली, तर दुसऱ्या नळीचं काय होतं ते आता पाहू.

मैलापाण्याच्या नळीकडे लोकांचं लक्ष कमी जातं, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच होतो. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात : भांड्यांच्या आणि अंघोळीच्या पाण्याची ग्रे टाकी, आणि शौचालयाची ब्लॅक टाकी. उन्हाळ्यात अनेकजण ग्रे टाकीची झडप उघडीच ठेवतात, म्हणजे पाणी साठत नाही. हिवाळ्यात ही सवय अंगलट येते. हात धुतल्याचं पाव लिटर पाणी तीन इंची नळीच्या तळाशी पातळ थर होऊन सरकतं. नळी घड्यांची असल्यामुळे प्रत्येक खोबणीत थोडं थोडं अडकतं आणि गोठतं. पुढचं पाणी त्या बर्फावरून जातं आणि दुसरा थर चढवतं. दोन दिवसांत नळीत आतून बर्फाचा बांध तयार होतो. याउलट झडप बंद ठेवून टाकी दोन तृतीयांश भरू दिली आणि मग सोडली, तर शंभरएक लिटर पाणी एक-दोन मिनिटांत जोरानं निघून जातं. त्याला गोठायला वेळ मिळत नाही, आणि जाताना ते नळीही धुऊन नेतं. आधी ब्लॅक, मग ग्रे हा क्रम यासाठीच. ब्लॅक टाकीची झडप तर कोणत्याच ऋतूत उघडी ठेवू नये. पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी ढिगारा करून बसतो आणि पुढे तो काढणं अवघड होतं. सोडून झाल्यावर नळी उचलून शेवटचं पाणी निथळवावं, नळी काढून ठेवावी आणि गाडीच्या तोंडावर झाकण लावावं. थंडीनं व्हिनाइल ठिसूळ होतं. गोठलेली नळी वाकवायला गेलं की ती चिरते, आणि आत काय असतं हे लक्षात घेतलं तर ती चीर साधी नाही.

यावर खरा प्रश्न हा, की टाक्याच गोठल्या तर? उणे वीसच्या खाली काही दिवस सलग राहिलं तर गोठतीलही. म्हणून चारही ऋतूंसाठी बांधलेल्या आरव्हीत टाक्यांभोवतीचा गाडीच्या पोटाचा भाग बंद केलेला असतो आणि फर्नेसची गरम हवा एका नळकांड्यातून तिथे सोडलेली असते. इथे एक चूक वारंवार होते. कॅम्पग्राउंडची वीज पुष्कळदा भाड्यातच धरलेली असते, म्हणून गॅस वाचवण्यासाठी लोक खोलीत विजेचा हीटर लावतात. खोली छान तापते, थर्मोस्टॅट समाधानी होतो, फर्नेस सुरूच होत नाही, आणि खालच्या टाक्यांना मिळणारी ऊब बंद पडते. माणसं उबेत झोपतात आणि खाली झडपा गोठतात. विजेचा हीटर वापरायचाच तर फर्नेसही अधूनमधून चालेल अशा बेतानं थर्मोस्टॅट ठेवावा. ज्या गाडीच्या टाक्या उघड्यावर लोंबतात, तिच्यासाठी टाकीखाली चिकटवायच्या विजेच्या गाद्या मिळतात. सांडपाण्याच्या टाक्यांत आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ थोडं ओतलं तर झडपेपाशी साचलेलं पाणी सुटं राहतं. हे अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीच्या इंजिनात घालतात ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं आणि विषारी असतं, ते इथे कधीही वापरू नये.

राहिला गैरसोयीचा मुद्दा. दोन माणसं काटकसरीनं वागली तर दीडशे लिटर पाणी तीन-चार दिवस पुरतं, म्हणजे आठवड्यातून दोनदा नळी काढणं-जोडणं आलं. दुपारी ऊन असताना भरावं, नळ बंद करावा, लगेच नळी सोडावी म्हणजे उभा पाइप खाली रिकामा होईल. मग नळीचं एक टोक खांद्याच्या उंचीवर धरून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं, पाणी निघून जाईल. दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून नळी उबदार कप्प्यात ठेवावी. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकच्या निमित्तानं जानेवारीत लेहला गेलेल्या मराठी मंडळींना हे नवं वाटणार नाही. तिथली कित्येक घरं आणि गेस्टहाउसं हिवाळ्यात पाइप रिकामे करून ठेवतात आणि बादलीनं पाणी देतात. संपूर्ण हिवाळा एकाच जागी काढणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः लहान मुलं असताना, हा क्रम जाचक होईल हे मान्य करायला हवं. त्यांनी गरम नळी जरूर घ्यावी, गाडीभोवती खालपर्यंत झालर लावून वारा अडवावा, मैलापाण्यासाठी घड्यांच्या नळीऐवजी गुळगुळीत पीव्हीसी पाइप फुटाला पाव इंच उतार देऊन बसवावा. पण तेव्हाही टाकी भरलेली ठेवावी आणि मैलापाण्याच्या झडपा बंदच ठेवाव्यात.

आणि एवढं करूनही एखाद्या सकाळी नळातून पाणी आलं नाही, तर वितळवण्याआधी बाहेरचा नळ आणि आतला पंप दोन्ही बंद करावेत. पाइप बर्फाच्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचं बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून तो पुष्कळदा दुसरीकडेच फुटतो. बर्फ असेपर्यंत ती चीर दिसत नाही, वितळला की दाबाचं पाणी थेट फरशीखाली शिरतं. आतली तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूनं सुरुवात करून, केस वाळवायच्या ड्रायरनं हळूहळू बर्फाकडे सरकत जावं. उकळतं पाणी किंवा गॅसची ज्योत प्लॅस्टिकच्या जवळही आणू नये. पाणी पुन्हा सुरू करताना एकजण पंपापाशी आणि दुसरा टॉर्च घेऊन ओट्याखाली असावा.