नट आत पडला? किक मारू नका

दूधगंगा-वेदगंगेच्या काठी उसाला पाणी पाजणारी डिझेल इंजिने आणि बेळगाव-निपाणी रस्त्यावर रोज धावणाऱ्या शंभर सीसीच्या मोटारसायकली, या दोन यंत्रांवर सीमाभागातली कितीतरी घरे चालतात. किरकोळ बिघाडाला मेस्त्रीची वाट कोण बघणार? घरातलेच कुणीतरी पाने घेऊन बसते. कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग बदलणे, टॅपेट सेट करणे ही कामे अंगणात होतात. यंत्राला हात घालण्याची ही सवय या मुलखात जुनी आहे. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे तिथेच नांगर आणि कडबा कापायची यंत्रे केली, आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर नेला. आजही बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. ही सवय टिकावी असे मनापासून वाटते, आणि म्हणूनच घरच्या दुरुस्तीत हमखास घडणाऱ्या एका अपघाताचे विज्ञान नीट समजून घ्यायला हवे.

अपघात साधाच असतो. कार्ब्युरेटर उतरवलेला, इंजिनाचे तोंड उघडे. हाताला ऑईल लागलेले. बोटांतून एक नट सुटतो, ‘टिंग’ आवाज होतो आणि पुढचा आवाज येतच नाही. जमिनीवर पडला असता तर खळखळला असता. नट आत गेला.

इथपर्यंत इंजिनाचे काहीही बिघडलेले नसते. थांबलेल्या इंजिनात नट महिनाभर पडून राहिला तरी फार तर गंजेल. सारे नुकसान पुढच्या किकने किंवा हँडलने होते. ‘मारून बघू, निघेल बाहेर’ असे कुणीतरी म्हणते, त्या क्षणी.

का, ते अंतरे मोजली की कळते. शेतावरचे पाच हॉर्सपॉवरचे एक नेहमीचे डिझेल इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, वेग मिनिटाला १५०० फेरे. पिस्टन वर आला की हवा साडेसोळा पट दाबली गेली पाहिजे, तरच ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे ५५३ घनसेंटिमीटर जागेतून पिस्टन फिरला, तरी वर उरते जेमतेम ३६ घनसेंटिमीटर. त्यातली बरीचशी जागा पिस्टनच्या माथ्यावरच्या खोलगट वाटीत असते. उरलेल्या माथ्यावर पिस्टन आणि हेड यांच्यात सुमारे एक मिलिमीटरची फट राहते. सहा मिलिमीटर बोल्टचा साधा नट पाच मिलिमीटर जाड असतो. तो वाटीत नेमका बसला, तर दोन-चार फेरे निभावतीलही. पण पिस्टन सेकंदाला पंचवीस वेळा वर येतो. नट एका जागी राहणार कसा? तो उसळतो, वाटीच्या काठावर येतो आणि एक मिलिमीटरच्या फटीत पाच मिलिमीटरचे पोलाद सापडते.

त्यावर इंजिन लगेच थांबले असते तर निदान नुकसान थोडे झाले असते. पण फ्लायव्हील जड असते, त्यात साठलेली ऊर्जा पिस्टनला वर ढकलतच राहते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून मऊ. नटाचे सहा कोपरे त्याच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा उमटतात. नटाचा कपचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये अडकला, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशन जाते, आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आपटून त्याची दांडी वाकू शकते. एखादा कण रिंगेजवळ शिरला की स्लीव्हवर उभे चरे पडतात. मग इंजिन धूर टाकते, ऑईल खाते आणि शेवटी बोअर करायला न्यावे लागते. कधी कधी बारीक तुकडा एक्झॉस्टमधून सायलेन्सरमध्ये निघूनही जातो, आणि त्या एका नशिबवान इंजिनाची गोष्ट गावभर सांगितली जाते. टर्बो असलेल्या गाडीत तेही नशीब नसते. बाहेर पडणारा तुकडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

दुसरी वाट खाली, क्रँककेसमध्ये जाते. मोटारसायकलचे हेड उतरवताना टायमिंग चेनच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सुटतात, आणि चेनची उभी पोकळी सरळ तळापर्यंत उघडी असते. पंपाच्या इंजिनात व्हॉल्व्हचे स्प्रिंग काढताना त्याचे अर्धगोल लॉक पुशरॉडच्या भोकातून खाली जाऊ शकते. शंभर सीसीच्या आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑईलमध्ये फिरतात, त्यामुळे तळाला पोचलेला तुकडा गिअरच्या दोन दातांमध्ये यायला वेळ लागत नाही.

या वाटेने सर्वाधिक फसवणारी वस्तू म्हणजे गजन पिनचे लॉक, म्हणजे सर्क्लिप. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन बाजूला सरकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत ही तारेची कडी बसवतात. ती स्प्रिंगच्या पोलादाची असते; दाबून धरली की ऊर्जा साठवते आणि पक्कड किंचित घसरली की उडते. नेमक्या त्याच वेळी खाली क्रँककेसचे तोंड उघडे असते. जाणता मेस्त्री आधी त्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारे फडके कोंबतो आणि मगच लॉकला हात लावतो. जुने लॉक तो परत वापरत नाही, आणि नवे बसवताना त्याचे उघडे टोक वर किंवा खाली ठेवतो, आडवे नाही. त्यामागे गणित आहे. ५० मिलिमीटर बोअर आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोकचे ९७ सीसीचे इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांनी पळते, तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरताना त्या लॉकवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पटींहून अधिक जोर येतो. तोंड आडवे असेल तर कडीच्या दोन्ही बाहूंना प्रत्येक फेऱ्याला खाचेतून सुटण्याची संधी मिळते.

आता पडलेली वस्तू काढायची कशी? आधी हात थांबवायचा, बॅटरी सोडवायची म्हणजे कुणी चुकून स्टार्टर दाबला तरी इंजिन फिरणार नाही. मग वस्तू खरोखर आत आहे का, ते बघायचे. मोबाईलला जोडता येणारा बारीक कॅमेरा आता स्वस्तात मिळतो, प्लगच्या भोकातून तो सहज आत जातो आणि नट पिस्टनवर कुठे लोळतो आहे ते स्पष्ट दिसते.

लोहचुंबकाची ओढता येणारी दांडी सगळ्यांनाच माहीत असते, पण ती कशी वापरायची ते क्वचितच कुणी सांगते. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. टोक नटाला जवळजवळ टेकले तरच नट उठतो. शिवाय स्लीव्ह बिडाची असते. दांडी जरा कलली की चुंबक नट सोडून स्लीव्हलाच चिकटतो, आणि पंपाच्या इंजिनाचे हेडही बिडाचे असेल तर भोकातून आत जातानाच अडतो. दांडीवर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवून फक्त टोक उघडे ठेवले, की बाजूची ओढ कमी होते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला चुंबक खेचत नाही, ही इथे आपल्या सोयीची गोष्ट. पण आपल्याकडे पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून हौसेने स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट लावतात. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचे ते नेहमीचे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही; तांब्याचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावावे, किंवा तीन नख्यांची स्प्रिंगची पकड वापरावी. हवेचा झोत मारण्याचा मोह मात्र टाळावा. हवा वस्तूला भोकाकडेच आणेल याची खात्री नसते. ती उघड्या व्हॉल्व्हमधून आणखी आत जाऊ शकते.

पिस्टन वर आणून वस्तू भोकाजवळ आणायची असेल, तर प्लग काढलेला ठेवून पान्याने क्रँक अगदी सावकाश फिरवायची. हाताला किंचित अडल्यासारखे वाटले की तिथेच थांबून उलटी फिरवायची.

विमानाच्या क्षेत्रात या एकाच धोक्याभोवती शिस्तीची पूर्ण पद्धत उभी आहे. हत्यारे फळीवर आखलेल्या आपापल्या आकृतीत लावतात, काम संपले की मोजतात, आणि एक जरी कमी भरले तरी विमान सोडायचे नाही असा नियम असतो. तो मोडला की काय होते, हे क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाने दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला देखभालीच्या वेळी सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे एक हत्यार इंजिनात राहिले. ते सापडेपर्यंत विमानाने ३४ उड्डाणे केली, सुमारे २९४ तास. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेच्या अहवालानुसार हत्यार हरवल्याचे लक्षात येऊनही विमान सोडले गेले होते. आपल्याच महामार्गालगत हत्तरगीला एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. तिथे काम करणाऱ्या सीमाभागातल्या पोरांना ही मोजणी नवी नाही. तीच अंगणात आणायला खर्च काही नाही. जुने वर्तमानपत्र पसरावे, काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमाने त्यावर मांडावा, आणि जोडताना शेवटी कागदावर काय उरले ते बघावे.

इतके करूनही वस्तू सापडली नाही, तर? आधी अंगण झाडून बघावे, कारण उडालेले लॉक पुष्कळदा फरशीच्या सांध्यात निघते. तिथेही नसेल तर क्रँककेसमधले ऑईल जाळीवरून गाळून घ्यावे, तळाची जाळी काढून तपासावी. तरीही हिशेब लागला नाही, तर ती वस्तू आतच आहे असे धरून चालावे. सिलिंडरमध्ये असेल तर हेड खोलायचे: चार नट, एक नवे गॅस्केट आणि परत आवळताना तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने. क्रँककेसमध्ये असेल तर काम अंगणातले राहिलेले नसते. गाडी टेम्पोत घालून मेस्त्रीकडे न्यावी, ढकलत नेली तरी न्यूट्रलमध्ये, आणि काय पडले, कुठून पडले, कशाचे होते, हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगावे.